गाण्याची प्रत कोणाची?

संक्रांतीच्या सुमारास आम्हाला एका शिक्षिकेचं पत्र आलं. त्यांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीच्या मुलांनी तुकोबांच्या एका अभंगावर नाच बसवला होता. अभंग पेनड्राइव्हवरून लावला, मुलं छान नाचली, पालकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्याचं चित्रीकरण शाळेच्या नावानं एका समाजमाध्यमावर टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर मुलं नाचताहेत, पण आवाज नाही. खाली एक सूचना होती : या ध्वनीची मालकी दुसऱ्याची आहे. बाईंनी विचारलं होतं, "तुकाराम महाराजांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. मग हा मालक कोण?"

प्रश्न चांगला होता. त्याचं तांत्रिक उत्तर चार ओळींचं आहे. गाण्याचे शब्द, गाण्याची चाल आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण या कायद्याच्या दृष्टीनं तीन वेगळ्या वस्तू आहेत. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असेल, तर भारतीय कायद्यानुसार त्याच्या निधनानंतर ६० वर्षं ती त्याच्या वारसांकडे, किंवा त्यानं ज्याला विकली त्याच्याकडे राहते. आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं ते काढणाऱ्या कंपनीचं असतं. बाईंच्या पेनड्राइव्हवर तुकोबांबरोबर ही बाकीची मंडळीही होती.

एवढं कळवून आम्ही मोकळे झालो असतो. पण मग वाटलं, हे तीन तुकडे झाले कसे? गाणं ऐकताना तर ते वेगळे ऐकू येत नाहीत. त्याचा इतिहास शोधायला बसलो आणि जे हाती लागलं ते वर्गात सांगण्याजोगं निघालं.

कॉपीराइटला मराठीत 'प्रताधिकार' असा शब्द आहे. इंग्रजी शब्दापेक्षा तो जास्त प्रामाणिक वाटतो, कारण मुद्दा प्रतीचाच आहे. हाताने नकला होत होत्या तोवर हा अधिकार कोणी फारसा मागितला नाही. छपाईचं यंत्र आलं, नक्कल स्वस्त झाली, आणि १७१० साली इंग्लंडमध्ये पहिला कायदा झाला. तो पुस्तकांसाठी होता. त्यात लेखकाला १४ वर्षं आणि तो हयात असेल तर आणखी १४ वर्षं हक्क मिळे. संगीताचा त्यात वेगळा उल्लेख नव्हता. थोर संगीतकार बाख यांचा एक मुलगा, योहान क्रिस्टियान, लंडनमध्ये राहून संगीतरचना करत असे. त्याच्या रचना न विचारता छापणाऱ्यांवर त्यानं दावा लावला. १७७७ साली न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला, की कागदावर स्वरचिन्हांत लिहिलेलं संगीत हेही 'लेखन'च आहे. बाख जिंकला. पण या विजयात एक गोम राहिली : कायद्यानं संगीताला ओळखलं ते कागदामुळे, नादामुळे नव्हे.

पॅरिसमध्ये दुसरी गंमत घडली. १८४७ साली एर्नेस्त बूर्जे नावाचा गीतकार एका कॅफेत बसला असताना तिथे त्याचंच गाणं चाललं होतं. गाण्याबद्दल कॅफेनं त्याला दमडी दिलेली नव्हती. बूर्जेनं साखरपाण्याचे पैसे द्यायला नकार दिला : तुम्ही माझं फुकट वापरता, मी तुमचं फुकट पितो. प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्यातून १८५१ मध्ये संगीतकारांच्या वतीनं पैसे गोळा करणारी फ्रान्समधली संस्था उभी राहिली. ती आजही काम करते. गाणं छापणं आणि गाणं लोकांपुढे वाजवणं, हे दोन निरनिराळे हक्क आहेत असं इथे ठरलं. शाळेतल्या नाचाशी या साखरपाण्याचा संबंध आहे, तो पुढे येईल.

खरी पंचाईत केली ती पियानोनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आपोआप वाजणाऱ्या पियानोची लाट आली. कागदाच्या लांब गुंडाळीवर भोकं पाडलेली असत. गुंडाळी फिरली की भोकांतून हवा जाई आणि त्या त्या तारेवर हातोडी पडे. आपल्याकडच्या जेकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी साडीची नक्षी विणतात, तसंच हे. अशा गुंडाळ्या विकणाऱ्या अपोलो कंपनीवर गाण्यांच्या प्रकाशकांनी दावा केला, तो १९०८ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला. प्रश्न असा : भोकांची गुंडाळी ही गाण्याची प्रत आहे का?

न्यायालय म्हणालं, नाही. माणसाला वाचता येते ती प्रत. या भोकांतून कोणालाही गाणं वाचता येत नाही, म्हणून हा यंत्राचा एक भाग आहे. आज हे वाचताना हसू येतं, पण त्या काळच्या कायद्याच्या शब्दांना धरून ते बरोबर होतं. बाखच्या वेळची गोम इथे नडली. संगीत म्हणजे वाचता येणारा कागद, अशी व्याख्या केली की न वाचता येणारा कागद तिच्या बाहेर पडणारच.

संगीतकार संतापले. प्रसिद्ध बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांनी १९०६ मध्येच यंत्रांच्या संगीताविरुद्ध लेख लिहिला होता आणि संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली होती. १९०९ मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला आणि गुंडाळ्या नि तबकड्या काढण्यावरही गाण्याच्या मालकाचा हक्क मानला. मात्र तोवर एक बलाढ्य पियानो कंपनी बऱ्याच प्रकाशकांशी गुपचूप करार करत चालली होती. हक्क पूर्ण दिला असता तर सगळी गाणी त्या एकाच कंपनीच्या खिशात गेली असती. म्हणून कायदेमंडळानं मधला मार्ग काढला. एकदा गाणं तबकडीवर आलं, की ते दुसऱ्या कोणालाही पुन्हा मुद्रित करता येईल, परवानगी नाकारता येणार नाही, पण प्रत्येक प्रतीमागे २ सेंट द्यावे लागतील. यंत्र थांबवायचं नाही, त्याला पैसे द्यायला लावायचं. हा दर १९७८ सालापर्यंत दोन सेंटच राहिला! दर ठरवणारे पुढे तो वाढवायचं विसरतात, हाही या इतिहासाचा एक धडा आहे.

तबकड्या आपल्याकडे आल्या त्या १९०२ साली. कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायलं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जात असत. तिथल्या कारागिरांना गाणारं कोण हे कळावं म्हणून हे नाव. आवाजात नाव होतं, कायद्यात मात्र नव्हतं. गाणाऱ्यांना त्या काळी बहुधा एकरकमी बिदागी मिळे. नंतर तबकडी कितीही खपो.

आपला स्वतंत्र भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात संगीतरचनेची व्याख्या होती ती छापलेल्या, लिहिलेल्या किंवा चिन्हांत उतरवलेल्या स्वरांची. ज्या देशात बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते, भातखंडे आणि पलुस्कर यांनी स्वरलेखन केलं तेच मुळी अलीकडे, त्या देशाच्या कायद्यानं बाखच्या काळचा कागद मागावा! आणि गाणाऱ्याचा तर या कायद्यात काही हक्कच नव्हता. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी पार्श्वगायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफींना तो पटला नाही. पैसे घेऊन गायलं, व्यवहार संपला, असं त्यांचं म्हणणं. दोघांनी काही वर्षं एकत्र गायचंच सोडलं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जाताजाता लिहून ठेवलं, की आपल्याकडे गाण्याचा प्राण गायकाच्या गळ्यात असतो आणि कायदा त्यालाच विसरला आहे, संसदेनं याचा विचार करावा. संसदेनं तो १९९४ मध्ये केला. संगीताच्या व्याख्येतली कागदाची अट गेली आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना पहिल्यांदा स्वतःचा हक्क मिळाला. लेखाच्या शेवटी हा हक्क पुन्हा भेटेल.

मधल्या काळात कॅसेट आली होती. १९८० च्या दशकात ती खेडोपाडी पोचली. कोळीगीतं, भीमगीतं, भजनं, पोवाडे, तमाशातली वगनाट्यं यांना मोठ्या कंपन्यांच्या तबकडीवर फारशी जागा नव्हती. कॅसेटवर ती मिळाली. त्याच कॅसेटवर बनावट प्रतींचाही सुकाळ झाला. एकाच यंत्राच्या या दोन्ही करामती आहेत, एक सांगून दुसरी लपवू नये. पण कॅसेटची नक्कल मूळापेक्षा थोडी मळकट येई, नकलेची नक्कल आणखी मळकट. निसर्गानंच घातलेला हा एक बांध होता. तो फुटला अंकांमुळे.

सीडीवर आवाज अंकांत लिहिलेला असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची उंची मोजायची, प्रत्येक मोजणी १६ बिटमध्ये लिहायची, आणि हे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी करायचं. मुलांना गुणाकार करू द्या : सेकंदाला १४,११,२०० बिट. चार मिनिटांच्या गाण्याचे झाले सुमारे ३४ कोटी बिट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेलिफोनला जोडायचा जो मोडेम असे, तो फार तर सेकंदाला ५६,००० बिट आणी. म्हणजे एका गाण्याला एक तास चाळीस मिनिटं. एवढा वेळ फोन अडवून कोण गाणं मागवणार?

जर्मनीतल्या एरलांगेन इथे कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी आवाजाचा नव्हे, कानाचा अभ्यास केला. मिरवणुकीत ढोल-ताशा चालू असताना शेजारी कोणी बासरी वाजवली तर ती आपल्याला ऐकू येत नाही. हवेत ती असते, कानापर्यंत येते, पण मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. जवळजवळच्या स्वरांत हे जास्त होतं. मग जे ऐकूच येणार नाही ते लिहायचं कशाला? दर क्षणी काय झाकलं जातंय हे गणितानं काढायचं, आणि तिथे बिट वाचवायचे. चाचणीसाठी त्यांनी सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवाय गायलेलं गाणं वापरलं. नुसत्या मानवी आवाजात झालेली गडबड कानाला लगेच खुपते, म्हणून. ही पद्धत १९९२ मध्ये प्रमाणित झाली आणि १९९५ मध्ये तिच्या फायलींना 'एमपीथ्री' हे शेपूट मिळालं. सेकंदाला १,२८,००० बिट पुरू लागले. आता आपलं चार मिनिटांचं गाणं मोडेमवर नऊ मिनिटांत येई. आणि नकलेची शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच!

यात एक विनोदही झाला. संस्थेनं एमपीथ्री बनवण्याची प्रणाली विकायला ठेवली होती. ब्रँडेनबुर्ग यांनी सांगितल्याप्रमाणे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्यानं चोरीच्या क्रेडिट कार्डावर ती घेतली आणि जगाला फुकट वाटून टाकली. गाण्यांच्या चोरीचं हत्यार म्हणून जिला पुढे नावं ठेवली गेली, तिचीच आधी चोरी झाली.

जून १९९९ मध्ये बोस्टनच्या एका विद्यापीठातल्या शॉन फॅनिंग या १८ वर्षांच्या मुलानं 'नॅप्स्टर' सुरू केलं. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. नॅप्स्टरकडे एकही गाणं नव्हतं. गाणी लोकांच्या आपापल्या संगणकांवर. नॅप्स्टरकडे फक्त यादी : कुठलं गाणं कोणाकडे आहे. गावात कोणाच्या घरी कोणतं पुस्तक आहे याची वही ग्रंथपालानं ठेवावी आणि पुस्तकं लोकांनी एकमेकांकडून न्यावीत, तसं. फरक एवढाच, की इथे नेलेलं पुस्तक देणाऱ्याकडेही राहत होतं. कोट्यवधी लोक त्यात आले. डिसेंबर १९९९ मध्येच अमेरिकेतल्या कंपन्यांनी दावा लावला. मेटॅलिका या वाद्यवृंदाचं एक अपुरं, अजून प्रसिद्ध न झालेलं गाणं फिरू लागलं, तेव्हा मे २००० मध्ये त्यांचा ढोलवादक लार्स उलरिक सुमारे ३,३५,००० जणांच्या नावांचे कागद खोक्यांत भरून नॅप्स्टरच्या कचेरीत घेऊन गेला. उलट चक डी या रॅप गायकानं नॅप्स्टरची बाजू घेतली : कंपन्या आम्हाला आधीही लुटतच होत्या, निदान लोकांपर्यंत तरी पोचू. म्हणजे कलाकारही एका बाजूला नव्हते.

फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयानं नॅप्स्टरविरुद्ध निकाल दिला. यादी ठेवणाऱ्याला यादीत काय आहे ते माहीत आहे, आणि ते थांबवणं त्याच्या हातात आहे, असा त्याचा गाभा. नॅप्स्टरनं नावावरून गाणी गाळायला सुरुवात केली, तर लोकांनी नावांची अक्षरं उलटीपालटी लिहिली. परीक्षेत नक्कल पकडणाऱ्या कोणाही शिक्षकाला याचं आश्चर्य वाटू नये. जुलैमध्ये नॅप्स्टर बंद पडलं. पण लगेच मधली यादीच नसलेल्या पद्धती आल्या. कंपन्यांनी सप्टेंबर २००३ पासून सामान्य माणसांवरच खटले भरले. पहिल्या खेपेत न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगी निघाली. तिच्या आईनं २,००० डॉलर भरून ते मिटवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलनं एक गाणं ९९ सेंटला विकायला सुरुवात केली होती. धाक आणि दुकान, दोन्ही एकदमच चालू होतं. आमच्या मते दुकानानं जास्त काम केलं.

आपल्याकडे याच सुमारास रस्त्यावर एका तबकडीत दीडशे गाणी मिळू लागली. पुढे मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळे, आणि वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत ब्लूटूथवरून ती एकमेकांना देत. हे पाहिलेले शिक्षक आमच्या वाचकांत पुष्कळ असतील.

नावावरून गाणं ओळखता येत नाही, हा नॅप्स्टरचा धडा होता. मग आवाजावरूनच ओळखायचं ठरलं. याचं तत्त्व सोपं आहे. गाण्याचा आलेख काढायचा, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्वराची उंची. त्यात जिथे आवाज सर्वांत ठळक, तेवढेच ठिपके ठेवायचे. सह्याद्रीच्या रांगेतली फक्त शिखरं नोंदवावीत तसे. कोणत्या दोन शिखरांत किती अंतर, याच्या जोड्या साठवल्या की गाण्याचा ठसा तयार. टाळ्या, मुलांचा गोंगाट, फोनचा खराब माइक, काही असो, शिखरं बहुधा टिकतात. २००७ पासून यूट्यूबवर अशी ठसे जुळवणारी यंत्रणा आली, नंतर इतरत्रही. बाईंच्या शाळेचा आवाज असाच कोणा माणसाशिवाय गेला असणार.

आणि इथे साखरपाण्याकडे परत यायला हवं. आपल्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात शाळांसाठी सवलत आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी एखादी कृती सादर केली, किंवा ध्वनिमुद्रण लावलं, आणि ऐकणारे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित लोकच असले, तर तो प्रताधिकाराचा भंग नाही. मंडपात बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. चित्रीकरण सर्वांना खुलं करताच ऐकणारे पालक उरले नाहीत, आणि सवलत तिथे संपली. मात्र यंत्राला हा फरक कळतो म्हणून त्यानं आवाज काढला, असं नाही. यंत्राला प्रत ओळखता येते. ऐकणारे कोण, कशासाठी, सवलत आहे का, हे त्याच्या ठशात नसतं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकारानं चढवलेल्या दहा तासांच्या निव्वळ खरखरीवर मालकीचे पाच दावे आल्याचं उघड झालं!

समाजमाध्यमाची स्वतःची जबाबदारी किती, हा प्रश्न भारतात टी-सीरीज आणि मायस्पेस यांच्या खटल्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सांगितलं, की लाखो फायलींत काय काय आहे हे चालकाला आपोआप माहीत असतं असं धरता येणार नाही. कोणती कृती, कुठे आहे हे मालकानं नेमकं कळवावं, मग ३६ तासांत ती काढावी. त्याआधी २०१२ मध्ये कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली होती, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते. चित्रपटासाठी गीत किंवा संगीत दिलं तरी पुढच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला करारानंसुद्धा सोडून देता येत नाही. १९०९ चे दोन सेंट आपल्या गीतकारापर्यंत यायला एवढी वर्षं लागली.

हे सगळं आम्ही बाईंना कळवलं. मोठ्या समाजमाध्यमांनी संगीत कंपन्यांशी करार करून ठेवलेली गाण्यांची यादी असते, त्यातलं गाणं तिथल्या अटी वाचून लावता येईल, किंवा चित्रीकरण पालकांनाच पेनड्राइव्हवर द्यावं, असंही सुचवलं. त्यांनी तिसराच मार्ग काढला. मुलांकडूनच जात्यावरच्या ओव्या गोळा करून घ्यायला लागल्या, पुढच्या वर्षी मुलंच त्या गाणार. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं, हे त्यांना माहीत होतं.

त्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न बाईंनी आमच्याकडे पाठवला : आजीनं गायलेली ओवी फोनवर घेऊन टाकली, तर आजीला विचारायला हवं का? ओवी परंपरेनं आलेली, तिचा कर्ता कोणी नाही, तिच्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. पण आवाज आजीचा आहे, आणि १९९४ सालापासून गाणाऱ्याचा हक्क कायद्यात आहे. तेव्हा आजीला विचारायला हवं.